किराण्यावरचा कर: ‘काढा’ म्हणा, पण बिल खालपर्यंत वाचून

अमेरिकेत टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी, आयडाहो, युटा, साउथ डकोटा अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमधल्या वाचकांना विषय परका वाटेल, कारण तिथे तांदूळ, डाळ, दूध, भाजीवर राज्याचा विक्रीकर लागत नाही. एकूण ४५ राज्यांत विक्रीकर आहे आणि त्यांतल्या बहुतेकांनी घरी शिजवून खायच्या अन्नाला त्यातून वगळलं आहे. जी थोडी राज्यं उरली, तिथे दर निवडणुकीला हा वाद उफाळून येतो: हा कर काढायचा की ठेवायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. काढावा. पोटात जाणाऱ्या अन्नावर कर घेणं मला पटत नाही. पण गेल्या काही वर्षांत हा कर जिथे जिथे कमी झाला किंवा गेला, तिथली कथा पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ‘कर काढला’ हा मथळा आणि आपल्या हातातली पावती या दोहोंमध्ये बरंच काही घडून जातं. ते घडत असताना आपण तिथे नसतो.

आधी हा कर कुणाला लागतो ते पाहू. टेनेसीत अन्नावर राज्याचा कर ४ टक्के आहे. त्यावर स्थानिक कर चढतो, तो मेम्फिसमध्ये पावणेतीन टक्के. म्हणजे झाले ६.७५ टक्के. समजा एका घराचं वर्षाचं उत्पन्न ३०,००० डॉलर आहे आणि महिन्याचं वाणसामान ५०० डॉलरचं. वर्षाला ४०५ डॉलर करात गेले, उत्पन्नाच्या जवळजवळ १.३५ टक्के. आता दुसरं घर घ्या, दोघं नोकरी करणारी, उत्पन्न दोन लाख. ती सढळ हाताने महिन्याला १,२०० डॉलरचा किराणा भरतात. त्यांचा कर ९७२ डॉलर, पण उत्पन्नाच्या मानाने अर्ध्या टक्क्याहूनही कमी. डॉलरमध्ये श्रीमंत घर जास्त भरतं हे खरं. ओझं मात्र पहिल्या घराच्या खांद्यावर जड पडतं.

आपल्यातली बरीच घरं दुसऱ्या प्रकारातली आहेत. आयटीतली, इस्पितळातली, विद्यापीठातली. पावतीच्या तळाशी काय लिहिलंय हे बघायची आपल्याला गरजच पडत नाही. शिवाय टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, साउथ डकोटातही नाही. ‘इथे स्टेट टॅक्स नाही हो’ असं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. मग त्या राज्याचे रस्ते, शाळा, पोलीस कशावर चालतात? बराचसा पैसा विक्रीकरातून येतो. टेनेसीत इतर वस्तूंवर राज्याचा दर ७ टक्के आहे, स्थानिक कर वेगळा. आपल्या पगारावर जे वाचलं, त्याचा काही भाग गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारीच्या दुधा-अंड्यांतून वसूल होतो. हे कुणाच्या मनाला लागावं म्हणून लिहीत नाही. हिशोब असा आहे, एवढंच.

आणि आपल्यातले सगळे काही दोन लाखांवाले नाहीत. मिसिसिपी स्टेट, अलाबामा, ऑबर्न अशा विद्यापीठांत असिस्टंटशिपच्या तुटपुंज्या पैशांवर राहणारी आपली मुलं आहेत. चौघांत एक गाडी, आठवड्यातून एकदा खरेदी. सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर, म्हणजे ज्याला लोक अजून ‘फूड स्टॅम्प’ म्हणतात त्यावर, घेतलेल्या अन्नाला कोणत्याही राज्याला विक्रीकर लावता येत नाही, तसा केंद्राचा कायदाच आहे. म्हणून अगदी गरिबांना हा कर लागत नाही असा युक्तिवाद विधिमंडळात नेहमी होतो. पण विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याला ते कार्ड मिळत नाही. मिळकत मर्यादेच्या जरा वर गेलेल्या कुटुंबालाही मिळत नाही. हा कर सर्वांत जास्त टोचतो तो या मधल्या माणसांना.

आता थोडं मागे जाऊ. कॅन्ससची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. २०१२ साली तिथे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकरात मोठी कपात केली. कर कमी केला की धंदे वाढतील आणि तिजोरी आपोआप भरेल, असं सांगितलं गेलं. तिजोरी भरली नाही. खड्डा पडला. तो बुजवायला २०१५ मध्ये विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के केला, आणि त्यात अन्नही आलं. शेवटी २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून आयकराची कपात बरीचशी मागे घेतली. पण भाकरीवरचा साडेसहा टक्के तसाच राहिला. देशातल्या सर्वांत जड दरांत तो मोजला जायचा. मिसुरीच्या सीमेजवळ राहणारी माणसं गाडी काढून पलीकडे किराण्याला जायची, कारण तिथे अन्नावर राज्याचा दर सव्वा टक्क्याच्या आसपास.

गव्हर्नर लॉरा केली यांनी २०२२ मध्ये तो काढण्याच्या कायद्यावर सही केली. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने: १ जानेवारी २०२३ ला ४ टक्के, २०२४ ला २, आणि १ जानेवारी २०२५ ला शून्य. हा मला आजवरचा सर्वांत नेटका मार्ग वाटतो. तारखा कायद्यातच लिहिलेल्या, अटी-शर्ती नाहीत, आणि तिजोरीला सावरायला मधे वेळ. तरीही ओव्हरलँड पार्ककडची आपली मंडळी विचारतात, ‘शून्य झाला ना, मग पावतीवर टॅक्स कसला?’ तो शहराचा आणि काउंटीचा. तो कायम आहे.

कॅन्ससकडून आपण काय घ्यायचं? अन्नावरचा कर एकटा कधी वाढत नाही. कुणाचा तरी दुसरा कर कमी झालेला असतो, म्हणून तो वाढतो. म्हणून उद्या तुमच्या आमदाराने ‘ग्रोसरी टॅक्स काढतोय’ म्हटलं, की त्याच कागदावर आणखी काय लिहिलंय ते बघा.

मिसिसिपीत २०२५ साली नेमकं हेच झालं. किराण्यावर तिथे ७ टक्के कर होता. तो १ जुलै २०२५ पासून ५ टक्के केला. चांगलं झालं. पण त्याच कायद्यात पेट्रोलवरचा कर तीन वर्षांत मिळून गॅलनमागे ९ सेंट वाढवला आणि राज्याचा आयकर हळूहळू पार नाहीसा करायची तरतूद केली. म्हणजे दोन टक्के किराण्यात वाचले, काही पंपावर गेले, आणि मोठ्या पगाराच्या माणसाला आयकरात खरी मलई मिळाली. पुढे आयकर आटला की राज्य कशावर चालेल? मला तरी यातून परत विक्रीकराकडेच वाट जाताना दिसते. आणखी एक मासला ऐका. आयकर पुढच्या टप्प्यात केव्हा घटवायचा, याची अट लिहिताना सिनेटच्या मसुद्यात दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलं. हवं होतं ८५ टक्के, छापलं गेलं ०.८५ टक्के. अट जवळजवळ नावापुरतीच उरली. समोरच्या सभागृहाच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी तो मसुदा तसाच, हसतमुखाने, मंजूर केला. गव्हर्नरची सहीही झाली. सिनेटरांनी जे खालपर्यंत वाचलं नाही, ते आपण वाचू असं म्हणणं धाडसाचं आहे, पण प्रयत्न करायला काय जातं?

याच्या उलट युटा. तिथे राज्याचा अन्नावरचा दर १.७५ टक्के, स्थानिक धरून सगळीकडे ३ टक्के. डिसेंबर २०१९ मध्ये खास अधिवेशन बोलावून तिथल्या विधिमंडळाने आयकर ४.९५ वरून ४.६६ टक्क्यांवर आणला आणि अन्नावरचा राज्याचा कर ४.८५ टक्के करायचं ठरवलं. लोक भडकले. सार्वमतासाठी सह्या गोळा व्हायला लागल्या. हार्मन्स नावाची तिथली किराणा-दुकानांची साखळी आहे. तिने आपल्या दुकानांत सह्यांना जागा दिली. दूध-पाव घ्यायला आलेला माणूस सही करून जायचा. नाताळाच्या, बर्फाच्या दिवसांत लाखाहून जास्त सह्या जमल्या, आणि सार्वमतापर्यंत जायची वेळच आली नाही. जानेवारी २०२० मध्ये विधिमंडळाने आपलाच कायदा मुकाट्याने रद्द केला. ‘आपल्या म्हणण्याने काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हे राज्य लक्षात ठेवावं.

पण युटाचाच पुढचा अंक असा: २०२३ मध्ये तिथे अन्नावरचा राज्याचा कर पूर्ण काढायचं ठरलं, एका अटीवर. घटनेत आयकराचा पैसा शिक्षणासारख्या ठरावीक कामांसाठी राखलेला आहे, ती मर्यादा सैल करायला मतदारांनी होकार द्यावा. एका हाताने भाकरी पुढे केली, दुसऱ्या हाताने शाळेच्या डब्यात हात घातला. पुढे ती घटनादुरुस्ती घटनेत सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्रांत छापलीच नव्हती, म्हणून न्यायालयाने ती मतदानातून बाद ठरवली. अन्नावरचा कर राहिला तिथेच. अशी बांधलेली जोडी समोर आली, तर दोन्ही गोष्टींचा वेगळा विचार करा. एक आवडली म्हणून दुसरी गिळू नका.

शाळांचा विषय निघालाच आहे तर अलाबामाकडे पाहू. तिथे विक्रीकराचा पैसा मुख्यतः शिक्षणाच्या निधीत जातो. राज्याचा अन्नावरचा दर ४ टक्के होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ३ झाला. पुढच्या वर्षी २ व्हायचा होता, पण त्यासाठी शिक्षणनिधीचं उत्पन्न ३.५ टक्के वाढायला हवं, अशी अट होती. ते तेवढं वाढलं नाही, कपात थांबली, आणि २०२५ मध्ये नवा कायदा करून १ सप्टेंबरपासून २ टक्के करावे लागले. कपातीला विरोध करणाऱ्या प्रत्येकाला खलनायक ठरवायचं कारण नाही, हे यावरून कळतं. मंदीत लोक गाड्या घेणं थांबवतात, जेवणं थांबवत नाहीत. म्हणून किराण्याचा कर सरकारला भरवशाचा वाटतो, आणि तो काढला तर शिक्षकाचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर मागा, पण प्रश्न विचारणाऱ्याला झोडपू नका.

अलाबामात आणखी एक गंमत आहे. राज्याचा दर २ वर आला, पण कित्येक शहरांचा आणि काउंट्यांचा मिळून दर त्याहून जास्त आहे. म्हणजे लढाई आता राजधानीत कमी आणि तुमच्या सिटी हॉलमध्ये जास्त. मेयर तुम्हाला ओळखतो, त्याच्याशी गणेशोत्सवाच्या परवानगीपुरतंच बोलायचं असं काही नाही.

इलिनॉयमध्ये तर हे फारच ठळक दिसलं. तिथे राज्याचा १ टक्का कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून गेला. पण तो पैसा मुळातच गावांना आणि शहरांना मिळायचा. मग कायद्यातच सोय ठेवली की शहराला हवं तर त्याने स्वतःचा १ टक्का लावावा, सार्वमताची गरज नाही. शेकडो गावांनी लावला. शिकागोच्या उपनगरांत आपली वस्ती दाट. तिथे ज्या गावाने ठराव केला, तिथल्या पावतीवर काही बदललं नाही. फक्त कर घेणाऱ्याचं नाव बदललं. महाराष्ट्रातून आलेल्यांना हे नवं वाटू नये. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरचा एलबीटी, म्हणजे महापालिकांचा स्थानिक कर, गेला, तेव्हा महापालिकांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता: आमची भरपाई कोण देणार? राज्याला ती द्यावी लागली. भरपाईचा कागद नसेल तर शहर दुसऱ्या दाराने येतंच.

कर ठेवावा, पण गरिबांना परतावा द्यावा, असंही एक मत आहे आणि ते विचार करण्याजोगं आहे. आयडाहो हा त्याचा नमुना. तिथे अन्नावर पूर्ण ६ टक्के कर आहे. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो काढला, पण गव्हर्नर बुच ऑटर यांनी नकाराधिकार वापरला. त्याऐवजी माणशी क्रेडिट मिळतं. ते वाढत वाढत २०२५ च्या वर्षासाठी १५५ डॉलर झालं. कागदावर हे सुबक दिसतं. चौघांच्या घराला ६२० डॉलर परत, आणि बाहेरून आलेला पर्यटक मात्र कर भरून जातो. पण हे पैसे वर्षातून एकदा, टॅक्स रिटर्न भरल्यावर मिळतात. ज्याचं उत्पन्न इतकं कमी की रिटर्न भरायची सक्तीच नाही, त्याने हे क्रेडिट मागायला मुद्दाम फॉर्म भरावा लागतो. तो माणूस तो फॉर्म भरतो का? किराणा तर दर शनिवारी लागतो. म्हणून मला क्रेडिट दुय्यम वाटतं. पण आयडाहोत असाल आणि ते मागत नसाल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते मागा. नवीन आलेल्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, आपण राज्याच्या नियमाने ‘रहिवासी’ ठरतो का ते तपासून घ्यावं.

राहिला प्रश्न भाषेचा, म्हणजे कायद्याच्या. साउथ डकोटात २०२२ मध्ये गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी किराणाकर काढायचं वचन दिलं. विधिमंडळाने ते ऐकलं नाही आणि त्याऐवजी सगळाच विक्रीकर ४.५ वरून ४.२ केला, तोही काही वर्षांपुरता. मग नागरिकांनी सह्या करून २०२४ मध्ये प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला. त्यात शब्द असे होते की मनुष्याच्या उपभोगासाठी विकलेल्या कोणत्याही गोष्टीवर राज्याला कर लावता येणार नाही, दारू आणि तयार जेवण सोडून. ‘किराणा’ हा सरळ शब्द नव्हताच. विरोधकांनी लगेच धरलं: मग टूथपेस्ट, टॉयलेट पेपर, तंबाखूसुद्धा सुटणार का? शहरांनाही कर लावता येणार नाही का? दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांनी ‘नको’ म्हटलं. मूळ मागणी बरी होती. शब्दांनी घात केला. कुणी सही मागायला आला, तर त्याच्या पाटीवरची घोषणा वाचून सही करू नका. खालचा मसुदा मागून घ्या.

शब्दांचा हा घोळ आपल्या दुकानातही आहे. बहुतेक ठिकाणी गोठवलेल्या समोशांचं पाकीट किराणा आहे आणि काउंटरवरचा गरम समोसा ‘तयार अन्न’, त्याला पूर्ण दर. च्यवनप्राशाच्या डब्यावर ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ छापलेलं असेल तर टेनेसीत तो अन्न राहत नाही. तिथे कँडीलाही सवलत नाही, पण ज्यात पीठ आहे ती वस्तू कँडी नव्हे. नियम शब्दशः लावला तर शेंगदाण्याची चिक्की कँडीत जाते. बेसनाच्या लाडवाचं काय करायचं ते दुकानदार जाणे. हे हसण्यावारी न्या, पण भारतीय दुकानात कॉम्प्युटरवर वस्तूचा प्रकार चुकीचा भरलेला असणं अगदी शक्य आहे. आपल्याकडे एमआरपीत कर मिसळून गेलेला असतो, दिसतच नाही. इथे तो वेगळ्या ओळीत छापतात, त्याचा फायदा घ्या. डाळ-तांदळाला पूर्ण दर लागला असेल तर मालकाला शांतपणे दाखवा. बहुधा बिचाऱ्याला माहीतही नसतं. दर कमी व्हायच्या तारखेनंतर पहिल्या आठवड्यातली पावती तर जरूर तपासा, आणि आधीची एक जपून ठेवा म्हणजे मूळ किंमतच वाढवली आहे का तेही कळेल.

आता करायचं काय? नागरिक असाल तर मतदार म्हणून नाव नोंदवलंय का ते बघा, आणि मत राष्ट्राध्यक्षाच्या ओळीवर संपवू नका. हा सगळा खेळ मतपत्रिकेच्या तळाशी, राज्याच्या आमदारांत आणि नगर परिषदेत आहे. एच-वन, एफ-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर सार्वमताच्या अर्जावर सही करू नका. तिथे नोंदणीकृत मतदाराचीच सही चालते, आणि मतदार नसताना मतदार म्हणून सही केली तर पुढे इमिग्रेशनच्या कागदांत ती फार महाग पडू शकते. ग्रीन कार्ड नसेल तर उमेदवाराला देणगीही देता येत नाही. पण आमदाराला पत्र लिहायला, फोन करायला, त्याच्या सभेत प्रश्न विचारायला पासपोर्टचा रंग आड येत नाही. कर तुम्ही भरता.

बहुतेक राज्यांची अधिवेशनं जानेवारीत सुरू होतात, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या आसपास फोन करा, तेव्हा मसुदे ठरत असतात. बिल आलं की त्यासोबत ‘फिस्कल नोट’ नावाचा कागद असतो, चार-पाच पानांचा, फारशा वकिली भाषेत नसलेला. त्यात लिहिलेलं असतं की राज्याचे किती पैसे जातील, शहरांचे किती, आणि कुठल्या वर्षी. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. तो वाचा आणि मग तिघांचौघांनी मिळून, मंडळाच्या नावाने नको, आपापल्या नावाने विचारा: शहराचा दर वाढणार नाही याची हमी कुठे लिहिली आहे? शाळेचा पैसा कशातून भरून काढणार? आणि याच बिलात दुसरा कुठला कर वर-खाली होतोय? छोट्या राज्यांत बऱ्याचदा आमदार स्वतःच फोन उचलतो. मोठ्या राज्यांत एखादी कॉलेजात शिकणारी इंटर्न उचलते, नाव आणि झिप कोड लिहून घेते, आणि बिलाचा नंबर विचारते. तो नंबर हाताशी ठेवूनच फोन लावा.